मदत हवी आहे: ‘अपील’चे नेमके अर्थ किती?

मंडळी, इंदूरहून लिहितेय. लेकीच्या इंग्लिशच्या वहीत ‘धिस कलर डझन्ट अपील टू मी’ असं वाक्य आलं आणि ती म्हणते आई, रंग कशाला अपील करेल, अपील तर बोलर करतो ना! तिचंही बरोबरच, क्रिकेटच्या 31व्या नियमाप्रमाणे अपील झाल्याशिवाय अंपायर आउट देतच नाही, म्हणजे तिथे ते मागणंच झालं. आमचे हे कोर्टातले, त्यांच्यासाठी अपील म्हणजे वरच्या कोर्टात जाणं, बस्स. आणि रक्तदानाचं अपील म्हणजे आवाहन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हाक मारणं, इथवर समजलं, पण मग ‘आवडणं’ कुठून आलं? रंग आपल्याला हाक मारतो म्हणून?

दुसरं म्हणजे निकालाच्या बाबतीत ‘अपील अगेन्स्ट’ म्हणायचं ना? अमेरिकन बातम्यांत अगेन्स्ट गाळून नुसतंच ‘अपील द डिसिजन’ दिसतं, परीक्षेत ते चालेल का?

आणि हो, आमच्याकडे हिंदीच्या नादानं सगळे ‘अपील केली’ म्हणतात, मी ‘अपील केलं’ म्हटलं की हसतात. मराठीत नपुंसकलिंगीच ना? कुणीतरी सांगा, उद्या टेस्ट आहे.