मारुती ग्रँड विटारा: माइल्ड की स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन + विजेची मोटर)?

प्रश्न: रोज ४० किमी, बहुतेक पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये. कोणतं इंजिन घ्यावं?

उत्तर १: स्ट्राँगच. तीन सिलिंडरचं १.५ लिटर अ‍ॅटकिन्सन (इंधन वाचवणारं) इंजिन, मोटर धरून साधारण ११६ पीएस ताकद, एआरएआय (गाड्या तपासणारी संस्था) चाचणीतलं मायलेज लिटरला २७.९७ किमी. कमी वेगात गाडी निव्वळ मोटरवर चालते, ब्रेक मारला की बॅटरी भरते. ट्रॅफिकमध्ये खरी बचत इथेच. माइल्डमध्ये मोटर फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही.

उत्तर २: सहमत, पण डिकी आधी बघा. बॅटरी तिथेच असल्याने जागा बरीच घटते. एक्स्प्रेसवेवर सलग १०० च्या वेगात इंजिन बहुतेक वेळ चालूच राहतं, फायदा आटतो.

उत्तर ३: स्ट्राँगच्या बॅटरीला थंड हवा केबिनमधल्या एका जाळीतून मिळते. ती जाळी सीट कव्हरने झाकू नका, धूळ साफ ठेवा. नाहीतर बॅटरी तापते.