मराठी वाक्याची १४ झाडं! पार्सर बदलू का? सल्ला हवा

निळी_शाई
नमस्कार मंडळी. मराठीत लिहिलेली मागणी वाचून तिची यादी करणारा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. हाताने साठेक नियमांचं व्याकरण लिहिलं आणि पायथनच्या एनएलटीके या भाषेच्या कामांसाठीच्या संचामधला चार्ट पार्सर (नियमांनुसार वाक्याची फोड करणारा, अधले निकाल तक्त्यात ठेवणारा प्रोग्रॅम) त्यावर बसवला. पहिलंच वाक्य दिलं, 'कागद, शाई, टाक, दौत आणि पुठ्ठा आणा', तर १४ झाडं (म्हणजे वाक्याच्या फोडीचे आराखडे) समोर! स्वल्पविरामाला मी 'आणि'च धरतो. नियम असा आहे: नामपद = नामपद आणि नामपद.

आता दुसरा पार्सर घेऊ, की हे सगळं गुंडाळून सरळ न्यूरल मॉडेल (उदाहरणांतून शिकणारं) लावू? वाचायला काही असेल तर तेही सुचवा.

कानामात्रा
पार्सर बिचारा प्रामाणिक आहे, घोळ नियमात आहे. आधी कोणती नामं जोडायची ते नियम सांगत नाही, म्हणून प्रत्येक जोडणीचं वेगळं झाड होतं. तुमच्या नियमाने तीन नामांना २ झाडं, चारांना ५, पाचांना १४. सहावं नाम घाला, ४२ येतील. या कॅटलान संख्या. वाक्यरचनेतली संदिग्धता अशी फुगते हे चर्च आणि पाटील यांनी १९८२ सालीच मांडलंय.

उजवीकडचं नामपद काढा: नामपद = नामपद आणि नाम. एकच झाड उरेल. फक्त हा नियम डावीकडून स्वतःलाच बोलावतो, त्यामुळे रिकर्सिव्ह डिसेंट (वरून खाली नियम उलगडत जाणाऱ्या) पार्सरला दिलात तर तो अनंतकाळ गोल फिरत बसेल (माझी एक रात्र यात गेली आहे). अर्लीच्या १९७० च्या पार्सिंगच्या पद्धतीला त्याचं वावडं नाही, म्हणून माझं मत अर्लीला. सीकेवाय ही तक्ता भरणारी दुसरी पद्धतही चालेल, पण त्याआधी व्याकरण चॉम्स्की नॉर्मल फॉर्ममध्ये (प्रत्येक नियमाच्या उजवीकडे दोन पदं किंवा एक शब्द) आणावं लागतं आणि मग आपलेच नियम आपल्याला ओळखू येत नाहीत.

झाडं मोजायचीच असतील तर एकेक छापू नका. तक्त्यात ती एकमेकांचे भाग वाटून घेऊन बसलेली असतात. तक्ता भरायला शब्दसंख्येच्या घनाच्या पटीत वेळ लागतो. सगळी झाडं बाहेर काढायला गेलात तर मात्र मेलात.

उंटावरचा_शहाणा
२०२० नंतर कोण हाताने व्याकरण लिहितं? बर्टसारखं तयार न्यूरल भाषा-मॉडेल घ्या आणि मोकळे व्हा.

अर्धविराम
शहाणेबुवा, बर्ट झाड देत नाही. ते शब्दांचे सदिश (आकड्यांच्या याद्या) देतं, त्यावर पार्सर वेगळा शिकवावा लागतो, आणि शिकवायला झाडं लागतात. मराठीसाठी युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या अनेक भाषांतल्या झाडांच्या संग्रहामध्ये यूफाल नावाचा वृक्षसंग्रह (झाडं काढून ठेवलेली वाक्यं) आहे, त्यात वाक्यं पाचशेहूनही कमी, आणि बहुतेक गोष्टींमधली. स्टॅन्झा या तयार पार्सर असलेल्या संचामधलं मराठी मॉडेल त्यावरच शिकलंय. वापरून बघा जरूर, पण 'आणा', 'पाठवा', 'द्या' असल्या मागण्यांवर ते अडखळलं तर नवल नको. आपल्याच मागण्यांतली शे-दोनशे वाक्यं हाताने खुणा करून ठेवा, निदान कुठे चुकतंय ते मोजता येईल.

मूळ प्रश्नाकडे येतो. मराठीत लिंग-वचन फुकटात मदत करतं आणि आपण ते फेकून देतो. 'नाव बुडाली' म्हणजे होडी, 'नाव बुडालं' म्हणजे अब्रू. शब्द तोच, पण क्रियापदाने निकाल लावला. त्यामुळे अर्थनिश्चितीचं (शब्दाचा कोणता अर्थ ते ठरवणारं) यंत्र लावण्याआधी व्याकरणात लिंग-वचनाची वैशिष्ट्यं घाला, एनएलटीकेत त्याची सोय आहे.

विशेषणांचं मात्र जपून. 'लाल पिशव्या आणि टोप्या' यात टोप्या लाल की नाही, 'लाल' काही सांगत नाही. 'जुन्या वह्या आणि पुस्तकं' यात 'जुन्या'चा मेळ फक्त वह्यांशी बसतो, पण बोलणाऱ्याच्या मनात पुस्तकंही जुनी असू शकतात, कारण आपण विशेषण जवळच्या नामाशी जुळवून मोकळे होतो. म्हणून तिथे दुसरं झाड कापून टाकू नका, खालच्या क्रमांकावर ठेवा. आणि क्रमासाठी संभाव्यता मनाने टाकू नका, खुणा केलेल्या वाक्यांतून मोजा.

निळी_शाई
कानामात्रा, १४ चं १ झालं! अर्धविराम, वैशिष्ट्यं घालतोय. आता नवीन डोकेदुखी: 'मी त्याला पळताना पाहिलं'. पळत कोण होतं? स्टॅन्झाने एकच झाड दिलं आणि त्यात उत्तरच सापडत नाही.

कानामात्रा
सापडणार नाही. 'पळताना' हे 'पाहिलं'ला जोडलं की झाडाचं काम संपलं, पळणारा 'मी' की 'तो' याची खूण बहुधा ते दोन शब्द जोडणाऱ्या बाणात नसते. संदिग्धता आहे, पण ती झाडाबाहेर आहे. 'मी पळताना त्याला पाहिलं' असं लिहिलं असतं तर क्रमावरून कल 'मी'कडे गेला असता, तोही नुसता कलच. तुमच्या प्रोग्रॅमला यादी करायची आहे ना? मग हे वाक्य त्याच्याकडे येईलच कशाला?

वाचायला जुराफ्स्की आणि मार्टिन यांच्या पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा जालावर मोफत आहे. आधी घटकरचना (वाक्याचे पदसमूह) आणि सीकेवायचं प्रकरण, मग अवलंबित्वाचं (कोणता शब्द कोणाला जोडलाय). कारकांच्या अंगाने जायचं असेल तर अक्षर भारती, चैतन्य आणि संगल यांचं १९९५ चं पाणिनीय दृष्टिकोनावरचं पुस्तक शोधा. आपल्या भाषांसाठी मला तेच जास्त उपयोगी पडलं.

अर्धविराम
+१. शब्दार्थांकडे वळलात तर लेस्कची १९८६ ची युक्ती आधी करून पाहा: शब्दाच्या प्रत्येक अर्थाची कोशातली व्याख्या घ्यायची, शेजारच्या शब्दांच्या व्याख्यांशी किती शब्द जुळतात ते मोजायचं. वीस ओळींत होते. मराठीत आधी प्रत्यय सोडवून घ्या, नाहीतर 'नावेत' आणि 'नाव' जुळायचेच नाहीत.

निळी_शाई
'नावात' आणि 'नावेत' वेगळे सुटतात, पण 'नावांत' आला की दोन्ही मुळं मिळतात का?

अर्धविराम
मिळतात. होड्या अनेक असल्या तरी 'नावांत', नावं अनेक असली तरी 'नावांत'. तिथे लिंग हात वर करतं, तेव्हा दोन्ही मुळं ठेवा आणि लेस्कला विचारा.

उंटावरचा_शहाणा
तो वीस ओळींचा कोड इथेच डकवा की कुणीतरी.