ग्लेन मॅकॉनेल यांनी हातातली खुर्ची का सोडली? (साउथ कॅरोलायना)

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी चाकणहून इकडे आलो, चार्ल्सटनजवळ समरव्हिलला. नवरा गाड्यांच्या कारखान्यात, मी सध्या घरी. राजकारणात मला फारसं गम्य नाही, पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतेय.

चिरंजीवांना पाणबुडी बघायची होती. म्हणून शनिवारी नॉर्थ चार्ल्सटनला जाऊन ‘हनली’ बघितली. जेमतेम चाळीस फुटांची लोखंडी नळी. इंजिन नाही. सात माणसं एका रांगेत बसून हाताने दांडा फिरवणार, आठवा कप्तान. १८६४च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या यादवी युद्धात, दक्षिणेच्या या नळीने उत्तरेची एक युद्धनौका बुडवली आणि स्वतःही परत आली नाही. त्याआधी सरावातच ती दोनदा बुडाली होती, एकदा पाच आणि एकदा आठ माणसं घेऊन. तरी तिसऱ्यांदा आठ जण आत उतरले! मॉडेलमध्ये डोकावले तर मला खांदेसुद्धा वळवता येईनात.

तिथल्या एका आजोबांनी सांगितलं, की ही वर काढण्यामागे ग्लेन मॅकॉनेल नावाचा सिनेटर होता. घरी येऊन शोधलं. गृहस्थ १९८०पासून राज्याच्या सिनेटमध्ये (विधिमंडळाचं वरचं सभागृह), रिपब्लिकन, कट्टर जुन्या वळणाचे. भावाबरोबर दुकान होतं, त्यात दक्षिणेच्या बंडाचे (गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या राज्यांचे) झेंडे आणि चित्रं विकायचे. २००१पासून सिनेटचे प्रेसिडेंट प्रो टेम, म्हणजे सिनेटरांनी आपल्यातूनच निवडलेला म्होरक्या. सगळे म्हणतात राज्यातला सर्वांत ताकदवान माणूस तोच. आणि २०१२मध्ये ते लेफ्टनंट गव्हर्नर झाले, ज्या पदाला सगळे म्हणतात काही अधिकारच नाहीत!

असं कोण करतं? बढती म्हणायची की शिक्षा?

हिंगाष्टक

त्यात काय एवढं. आपल्याकडे नाही का, नकोसा झालेला नेता राजभवनात पाठवतात. शाल, श्रीफळ आणि समुद्रदर्शन.

कोलंबियाकाका

नाही हो हिंगाष्टक, इथे कोणीच त्यांना घालवलं नव्हतं. उलट लोक थांबा म्हणत होते. १९९६ ते २०१३ मी इथल्या राजधानीत, कोलंबियात होतो, जर्वे स्ट्रीटवर विधानभवनापासून चालत सात मिनिटांवर ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन त्याच आवारात बसायचो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी ‘लेफ्टनंट गव्हर्नर’ म्हटल्यावर दिल्लीचे नायब राज्यपाल डोळ्यांसमोर आणू नका. इथला हा माणूस त्या काळी सिनेटच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचा, मतं समसमान पडली तरच मत द्यायचा आणि वृद्धकल्याणाचं एक खातं सांभाळायचा. संपलं. गव्हर्नरसुद्धा इथे बाकीच्या राज्यांच्या मानाने दुबळाच. १८९५ची राज्यघटना ज्यांनी लिहिली, त्यांना सगळ्या किल्ल्या विधिमंडळाच्या कनवटीला हव्या होत्या. न्यायाधीशसुद्धा विधिमंडळ निवडतं! म्हणजे सिनेटचा प्रो टेम आणि वर न्यायविषयक समितीचा अध्यक्ष, दोन्ही एकच माणूस असला तर विचार करा. मॅकॉनेल दोन्ही होते.

आता २०१२. तेव्हाचे लेफ्टनंट गव्हर्नर केन आर्ड यांनी निवडणुकीच्या पैशांत घोळ केला, मार्चमध्ये राजीनामा दिला आणि गुन्हा कबूल केला. घटनेनुसार जागा रिकामी झाली की प्रो टेमने तिथे जायचं. यावर सोपी पळवाट होती. आदल्या दिवशी प्रो टेमचा राजीनामा द्यायचा, दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवायचं, त्याला वर ढकलायचं आणि मग शांतपणे आपल्या जागी परत यायचं. सगळ्यांना वाटलं, हा पण तेच करणार. केलं नाही. त्यांचं म्हणणं, घटनेची शपथ घेतलीय, ती सोयीची असेल तेव्हाच पाळायची असं नसतं. बत्तीस वर्षांची सिनेटची जागाही गेली. आमच्या ऑफिसात तर दोन दिवस तोच विषय. माझा एक सहकारी पक्का डेमोक्रॅट, मॅकॉनेल यांचं नाव काढलं तरी तोंड कडू करणारा. तोही म्हणाला, च्यायला, हा माणूस खरंच गेला.

आणि पळवाट खरी होती, हे दोन वर्षांनी सिद्ध झालं! २०१४मध्ये मॅकॉनेल लेफ्टनंट गव्हर्नरचं पद सोडून कॉलेज ऑफ चार्ल्सटनचे अध्यक्ष व्हायला निघाले (स्वतः तिथलेच पदवीधर, १९६९चे). पुन्हा तोच पेच. त्या वेळचे प्रो टेम जॉन कोर्सन यांनी सरळ प्रो टेमपद सोडलं. मग यॅन्सी मॅकगिल नावाचे डेमोक्रॅट पुढे आले, प्रो टेम झाले आणि लगेच लेफ्टनंट गव्हर्नर. रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यात लेफ्टनंट गव्हर्नर डेमोक्रॅट, का तर त्या खुर्चीत बसायला दुसरं कोणी तयारच नाही. २०१८पासून लेफ्टनंट गव्हर्नर हा गव्हर्नरच्या जोडीनेच निवडून येतो, त्यामुळे आता ही गंमत संपली.

अवांतर: गंमत म्हणजे त्या वृद्धकल्याणाच्या खात्यात त्यांनी टाइमपास केला नाही. गावोगाव फिरून म्हाताऱ्यांच्या बैठका घेतल्या. माझ्या शेजारची आजी एकीला जाऊन आली होती, डोनट चांगले होते म्हणाली.

पाटीपेन्सिल

काका, माहिती छान, पण तुम्ही माणसाला फार घासूनपुसून ठेवलंय. नियम पाळणारा म्हणून टाळ्या वाजवायच्या, तर नियम कोणी बनवले तेही बघू या.

विधानभवनाच्या घुमटावर १९६०च्या दशकापासून बंडाचा झेंडा फडकत होता. २०००च्या जानेवारीत त्याविरुद्ध कोलंबियात हजारो लोकांचा मोर्चा निघाला. शेवटी तडजोड झाली आणि तिचे शिल्पकार मॅकॉनेल. झेंडा घुमटावरून उतरला, १ जुलै २०००. पण गेला कुठे? समोर रस्त्याला लागून असलेल्या सैनिक स्मारकापाशी, तीस फुटी खांबावर. आधी मान वर करून बघावा लागायचा, आता थेट नजरेसमोर. वर कायद्यात गाठ मारून ठेवली: हा झेंडा किंवा कुठलंही स्मारक हलवायचं तर दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं हवीत.

१७ जून २०१५ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय माणसं प्रार्थनेच्या वेळी मारली गेली. त्यात क्लेमेंटा पिंक्नी होते, त्याच सिनेटचे सदस्य. मी तेव्हा इथे दुसऱ्या वर्षाला होते. घुमटावरचे दोन्ही झेंडे (देशाचा आणि राज्याचा) अर्ध्यावर आले आणि खालचा तो झेंडा मात्र टोकाला तसाच. कारण त्या खांबाला दोरी-कप्पीच नव्हती, आणि कायद्यामुळे कोणी हातही लावू शकत नव्हतं. पिंक्नींची शवपेटी विधानभवनात आणली तेव्हाही तो तिथेच होता. नियम म्हणता ना, हा घ्या नियम.

आणि २०१४मध्ये त्यांना अध्यक्ष नेमलं तेव्हा आमच्या कॉलेजातल्या मुलांनी निदर्शनं केली होती, तो फोटो घेऊन. २०१०चा. मॅकॉनेल बंडाच्या जनरलच्या करड्या गणवेशात आणि दोन्ही बाजूंना जुन्या काळच्या वेषातली दोन कृष्णवर्णीय माणसं. हौस म्हणून वेष करतात हे मान्य. पण त्या फोटोत कोणाला कोणाची भूमिका मिळालीय, ते दिसतं.

कोलंबियाकाका

पाटीपेन्सिल, खांबाचं शंभर टक्के खरं. मी रोज बघायचो. आधी घुमटाकडे लक्ष जायचं नाही, नंतर पोळीभाजी खाताना समोर तोच.

फक्त दोन गोष्टींची भर. त्या तडजोडीत त्यांच्याबरोबर रॉबर्ट फोर्ड होते, चार्ल्सटनचे कृष्णवर्णीय सिनेटर, नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेले. त्यावरून फोर्डनी स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सक्तीची सरकारी सुट्टी मिळाली (आणि बदल्यात १० मेची बंडवीरांची!). आवारात आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं स्मारक २००१मध्ये उभं राहिलं, त्या समितीतही मॅकॉनेल होते. घासाघीस करून एक हातचं द्यायचं, एक राखायचं, ही त्यांची पद्धत. आवडा अगर न आवडा.

दुसरं, २०१५मध्ये तेव्हाच्या गव्हर्नर निकी हेली यांनी झेंडा काढा म्हटल्यावर मॅकॉनेल यांनीही पाठिंबा दिला. सिनेटमध्ये ३६ विरुद्ध ३, खालच्या सभागृहात ९४ विरुद्ध २०. त्यांनीच घातलेली दोनतृतीयांशाची अट सहज पार झाली. १० जुलैला झेंडा उतरला.

पाटीपेन्सिल

पाठिंबा दिला हो. नऊ माणसं गेल्यावर.

बाकी ती दोनतृतीयांशाची अट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये घटनाबाह्य ठरवली. एका विधिमंडळाला पुढच्या विधिमंडळाचे हात असे बांधता येत नाहीत म्हणाले. ज्या माणसाने घटनेसाठी खुर्ची सोडली, त्याचाच कायदा घटनेत बसत नव्हता.

कोलंबियाकाका

हे मला सुचलं नव्हतं. मान्य.

खाडीपलीकडे

बाप रे, एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. दोघांचेही आभार. म्हणजे बढती नाही, शिक्षाही नाही. स्वतःच्या नियमात स्वतः अडकला आणि अडकून राहिला, असं मी धरून चाललेय. पाणबुडीत तिसऱ्यांदा उतरलेल्या आठ जणांसारखंच काहीतरी. २००४मध्ये त्यांचं दफन झालं तेव्हा मिरवणुकीला दूरदूरहून हजारो लोक जुने गणवेश घालून आले होते म्हणे, आणि त्याची जुळवाजुळव करणाऱ्यांत हेच गृहस्थ.

पाटीपेन्सिल, पुढच्या शनिवारी इमॅन्युएल चर्चवरून जायचा विचार आहे. मुलगा दहाचा आहे. त्याला आत्ताच सगळं सांगू का? तुम्ही काय केलं असतंत?

पाटीपेन्सिल

सांगा. पिंक्नींपासून सुरू करा, झेंड्यापासून नको. गाडी मॅरियन स्क्वेअरजवळच्या गॅरेजमध्ये लावा, कॅल्हून स्ट्रीटवर जागा मिळत नाही.

हिंगाष्टक

मी माझा राजभवनाचा प्रतिसाद मागे घेतो. डोनट कुठल्या दुकानाचे होते?