शत्रूच्या सैनिकाला लष्करी दफनभूमीत जागा द्यावी का?

घाटवाट
सध्या मुलाकडे बर्मिंगहॅमला आहे. रविवारी त्याने कॅनक चेसला नेलं. स्टॅफर्डशरमधलं मोठं रान आहे. फिरता फिरता एका लष्करी दफनभूमीपाशी आलो. आत शंभरेक कबरी कॉमनवेल्थच्या, त्यातली बहुतेक न्यूझीलंडची पोरं, लढाईत नाही तर १९१८ च्या फ्लूच्या साथीत गेलेली. आणि त्याच आवारात पावणेतीनशेहून जास्त जर्मन! पहिल्या महायुद्धातले युद्धकैदी, छावणीच्या इस्पितळात वारलेले.

तिथून जवळच दुसरी दफनभूमी आहे, ती निव्वळ जर्मनांची. १९५९ मध्ये ब्रिटन आणि पश्चिम जर्मनी यांचा करार झाला. मग गावोगावी चर्चच्या आवारात विखुरलेले जर्मन उकरून इथे आणले गेले. १९६७ मध्ये ती खुली झाली. दोन्ही महायुद्धांतले मिळून जवळपास पाच हजार. त्यात रात्री बॉम्ब टाकायला येणाऱ्या चार हवाई जहाजांवरचे (विमानं नव्हेत, झेपेलिनसारखे वायूने भरलेले अवाढव्य फुगे) लोकही आहेत. त्यातलं एसएल ११ सप्टेंबर १९१६ मध्ये लंडनजवळ कफलीला पाडलं, आतले सोळाच्या सोळा मेले. त्यांना लष्करी इतमामात पुरलं तेव्हा इंग्लंडात बरीच ओरड झाली होती. ती ओरड मला समजते. तरी माझं मत : जागा द्यावी. मरणान्तानि वैराणि.

तुम्हाला काय वाटतं?

कडूकारलं
परक्याच्या जमिनीवर उदार व्हायला काय जातं? न्यूझीलंडच्या त्या पोरांच्या आयांना कोणी विचारलं होतं का, बाई, तुझ्या लेकाशेजारी जर्मन पुरू का म्हणून?
आणि घरचं बघा. ९ जून १९९९ ला, कारगिलमध्ये पकडलेल्या कॅप्टन सौरभ कालिया यांचं पार्थिव पाकिस्तानने कुठल्या अवस्थेत परत दिलं, ते आठवा. मग संस्कृत सुभाषितं सांगा.

जुना_सुभेदार
कडूकारलं, कारगिल काढलंत तर पुढचंही सांगा की. तिथे मेलेले नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान आपले आहेत हेच पाकिस्तान कबूल करेना, मृतदेह घ्यायला तयार नाही. आपल्या सैन्याने त्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे तिथेच पुरलं. कालियांचं माहीत असूनही पुरलं. टायगर हिलवर पाकिस्तानचा कर्नल शेरखान (कर्नल हा हुद्दा नव्हे, नावच तसं, होता कॅप्टन) पडला, तेव्हा आपल्या ब्रिगेडियर बाजवांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवून दिली, हा शूरपणे लढला म्हणून. पुढे त्याला निशान-ए-हैदर, त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. हे उपकार नव्हेत साहेब, फौजेची रीत आहे.

कडूकारलं
पुरलं, मान्य. डोंगरावर कुठेतरी पुरलं. द्रासच्या स्मारकात आपल्या जवानांच्या शेजारी त्यांचे दगड नाही ना बसवले? धाग्याचा प्रश्न पुरण्याचा नाही, *कुठे* पुरायचं याचा आहे.

वकीलबुवा
दोघेही अर्धे बरोबर. १९४९ चा पहिला जिनिव्हा करार, कलम १७ : शत्रूचा मृत सैनिक सन्मानाने, शक्य तर त्याच्या धर्माच्या विधीने पुरायचा, कबरीवर खूण करायची, कबर जपायची. भारताला हा करार बंधनकारक आहे. पण त्याच कलमात असंही आहे की शक्य असेल तर कबरी राष्ट्रीयत्वानुसार एकत्र ठेवाव्यात. म्हणजे कायदा शेजारी झोपवा म्हणत नाही. रस्त्यावर टाकू नका म्हणतो.

पारनाका
एवढे प्रतिसाद झाले आणि अफजलखान अजून आला नाही, हे मराठी धाग्यावरचं आश्चर्यच! घ्या, मीच आणतो. १० नोव्हेंबर १६५९ ला खान मारला गेला आणि महाराजांनी त्याला प्रतापगडाच्या पायथ्याशी पुरू दिलं. बरोबर ३६३ वर्षांनी, १० नोव्हेंबर २०२२ ला, प्रशासनाने कबरीभोवतालची अनधिकृत बांधकामं पाडली. कबर हलवली नाही. माझ्या मते सगळं उत्तर तिथेच आहे. माती द्या, भोवती दरबार भरवू देऊ नका.

टपरीवरचा_चहा
मग २६/११ च्या नऊ मेलेल्या हल्लेखोरांना मुंबईतल्या कब्रस्तानाने जागा नाकारली तेव्हा तुम्ही सगळे टाळ्या का वाजवत होतात?

वकीलबुवा
कारण ते सैनिक नव्हते. गणवेश नाही, हुद्दा नाही, स्टेशनात प्रवाशांवर गोळ्या. तरीही सरकारने त्यांना जानेवारी २०१० मध्ये गुपचूप पुरलंच. हा विषय वेगळा आहे, इथे नको.

इतिहासाची_वही
गणवेश घातला की सगळे सारखे, हेही मला पटत नाही. मे १९८५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन जर्मनीतल्या बिटबर्गच्या दफनभूमीत गेले तेव्हा गदारोळ झाला तो तिथल्या ४९ वाफेन एसएसवाल्यांमुळे, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलातल्यांमुळे. साध्या शिपायांच्या कबरींवरून कोणी भांडलं नसतं.
टेक्सासात सॅन अँटोनियोच्या राष्ट्रीय दफनभूमीत दोन जर्मन युद्धकैद्यांच्या दगडांवर नाझी स्वस्तिक होतं आणि खाली ‘फ्युररसाठी (म्हणजे हिटलरसाठी) मेला’ अशा अर्थाचा मजकूर. अमेरिकन जवानांच्या त्याच दफनभूमीत! तक्रारी झाल्या, डिसेंबर २०२० मध्ये दगड बदलले. हाडांना कोणी हात लावला नाही. पारनाका म्हणतात तेच, फक्त सातासमुद्रापार.

कोकणी_मेवा
आपण नेहमी यजमानाच्याच खुर्चीत बसून का बोलतो? बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला पहिल्या महायुद्धात कैद्यांची छावणी होती, ‘चंद्रकोर छावणी’. इंग्रजांकडून लढताना पकडलेले हिंदी शिपाई तिथे होते. शेजारच्या झेहरेन्सडॉर्फला त्यांच्यातल्या २०६ जणांची दफनभूमी आहे. आपली माणसं, जर्मनीच्या दृष्टीने शत्रूच. पुढे तो भाग सोव्हिएत सैन्याकडे गेला, कबरींची दुर्दशा झाली, २००५ मध्ये ती जागा पुन्हा नीट केली. आता एखादा जर्मन कडूकारलं म्हणाला, ‘ह्यांना आमच्या मातीत कशाला?’ तर?

कडूकारलं
तर मी त्याला सांगेन, वेगळी जागा दिलीत, आभार. त्यांना जर्मन जवानांच्या रांगेत नाही घातलं. माझं म्हणणं तेच तर आहे!

घाटवाट
काल एकटाच परत जाऊन आलो. पाऊस होता, कोणी नव्हतं. तिथे दगडांवर नाव, हुद्दा, तारखा, बाकी काही नाही. वकीलबुवांचा राष्ट्रीयत्वाचा मुद्दा आधी वाचला असता तर धाग्याचं शीर्षक वेगळं दिलं असतं. एका आवाराबद्दल माझी अजूनही हरकत नाही. हवाई जहाजवाल्यांना दिलेल्या मानवंदनेबद्दल मात्र आता खात्री वाटत नाही. खाली ज्यांची घरं जळली त्यांच्या डोळ्यांदेखत ती दिली होती.

कडूकारलं
नाव, हुद्दा, तारखा, वेगळी रांग. इथवर मी येतो. पण त्या न्यूझीलंडच्या आईचं उत्तर अजून एकानेही दिलेलं नाही.