उजनीचे रोहित (फ्लेमिंगो) कागदावर चिकटवल्यासारखे दिसतात

ओलाब्रश:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत कुंभारगावहून होडीने उजनी धरणाच्या पाण्यात फिरून आले. मग फोटो समोर ठेवून १५ × २२ इंचांचं जलरंग केलं. पहाटेचं पाणी, उथळात उभे रोहित, वरून जाणारे बगळे. आकाश-पाणी पातळ रंगाच्या एका वॉशमध्ये झकास उतरलं, पक्ष्यांनी मात्र घात केला. शून्य नंबरच्या ब्रशने एकेक पीस काढण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि घरची पहिली प्रतिक्रिया, "हे स्टिकर कशाला चिकटवलेस?" चित्र जोडलंय. कुठे चुकतंय?

दुर्बीणवाला:
ताई, आधी बगळे. उडताना बगळा मान मागे ओढून दुमडून घेतो. मान सरळ ताणून उडतात ते रोहित आणि चित्रबलाक करकोचे. तुमच्या बगळ्यांना चित्रबलाकाच्या माना लागल्यात!
दुसरं, रोहित सगळे एकाच गुलाबीत बुडवलेत. मोठा रोहित उभा असतो तेव्हा बराचसा पांढराच दिसतो. गडद गुलाबी असते ती पंखावर, आणि काळी पिसं पंख उघडल्यावरच नीट दिसतात. थव्यात दोन-चार करडी पिल्लंही टाका. आणि पायाच्या मध्यावर मागे वाकतो तो गुडघा नाही, घोटा. गुडघा वर पोटापाशी पिसांत लपलेला असतो. तुम्ही तो पुढे वाकवल्यामुळे पक्षी खुर्चीवर बसल्यासारखा झालाय.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर:
दुर्बीणवाल्यांचं सगळं खरं, पण ते दुरुस्त करूनही स्टिकर स्टिकरच राहील.
३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पोरांना 'निसर्गदृश्य' सांगितलं की दोन डोंगर, मध्ये सूर्य, झोपडी आणि आभाळात पक्षी म्हणून चार बरोबरच्या खुणा. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसलेली पोरंही तेच करायची. तुमच्या चित्रात तीच खूण आहे, फक्त पिसं लावून. पक्षी पांढरा हे डोक्याला ठाऊक आहे, म्हणून हाताने पांढरा रंगवला. तुमचा सूर्य पक्ष्यांच्या मागे आहे ना? मग तुमच्याकडची बाजू सावलीतली. उजळ आभाळासमोर पांढरा बगळा आभाळापेक्षा गडद, निळसर करडा दिसणार. थोडा अल्ट्रामरीन निळा, थोडा बर्न्ट सिएना तपकिरी, भरपूर पाणी. कोरा कागद फक्त पाठीच्या कडेला सोडा, केसाएवढा.
आणि ती कड सगळीकडे धारदार का? पोटाची बाजू ओली असतानाच पाण्यात विरघळू द्या. होडीतून त्या अंतरावर पीस न् पीस दिसलं होतं का तुम्हाला? मग काढलं कशाला? पुढच्या एखाद्या पक्ष्याची चोच आणि डोळा नीट करा, मागच्यांना दोन फटकारे पुरेत. रोहित चरताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. तसे काही वाकवा, म्हणजे कवायतीची रांग मोडेल.
फोटो आठवडाभर कपाटात ठेवा. गॅलरीत कावळा येत असेलच. पेन्सिलने आधी अंगाचं अंडं, मग त्याचा कल, मग पाय. पाय अंड्याच्या तोलाखाली आले नाहीत तर पक्षी पडतो. कावळा उडाला की रेघ तिथेच सोडायची.

ओलाब्रश:
सर, कावळे पाच दिवस काढले. पहिले दोन दिवस बटाटे. तिसऱ्या दिवशी एक जण शिळ्या पोळीकडे मान तिरकी करून बघत होता, तो सात रेघांत आला. घरच्यांनी विचारलं, "हा आपलाच ना, लंगडा?" पाय मी चुकवला होता, पण ओळखला!
नव्या कागदावर बगळे करडे केले आणि आभाळ आपोआप उजळलं. पाठीची ती कड मात्र वॉशमध्ये बुडाली. वरून पोस्टर व्हाइट चालेल का? आमच्या क्लासमध्ये जलरंगात पांढरा म्हणजे पाप.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर:
लावा, पोलीस येत नाहीत. घट्ट घ्या, एका फटक्यात ओढा, परत हात लावू नका. बटाट्यांचे कागद टाकू नका, मला बघायचेत.