वॉशिंग्टनचा नौदल करार: शस्त्रस्पर्धा थांबली, की तिने नुसती वाट बदलली?

गलबत (धागाकर्ता)

शस्त्रनियंत्रणाची चर्चा आपल्याकडे अण्वस्त्रांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्याच्या कितीतरी आधी एका कराराने बड्या राष्ट्रांना बांधून होत आलेली जहाजे स्वतःच्या हातांनी मोडायला लावली होती, त्या १९२२ च्या वॉशिंग्टन नौदल कराराविषयी हा धागा आहे.

पहिले महायुद्ध संपले आणि अमेरिका, ब्रिटन व जपान हे तिन्ही विजेते एकमेकांवर डोळा ठेवून युद्धनौकांचे आराखडे मंजूर करू लागले. १२ नोव्हेंबर १९२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली, तेव्हा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज स्वागताचे चार शब्द बोलून खाली बसतील अशी सर्वांची समजूत होती. त्यांनी त्याऐवजी आधी स्वतःच्या देशाची आणि मग इतर दोघांची कोणती जहाजे मोडीत काढायची, याची यादीच वाचून दाखवली. ती ६६ जहाजांची होती आणि त्यांचा टनभार सुमारे १८ लाख ७८ हजार होता. पुढे ६ फेब्रुवारी १९२२ रोजी सह्या झाल्या. अमेरिका व ब्रिटन यांना प्रत्येकी ५,२५,००० टन, जपानला ३,१५,००० टन आणि फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी १,७५,००० टन एवढ्याच मोठ्या युद्धनौका ठेवता येतील, नवी नौका ३५,००० टनांहून जड आणि तिची तोफ १६ इंचांहून मोठी नसेल, आणि थोडे अपवाद सोडले तर दहा वर्षे नवे बांधकाम होणार नाही, असे ठरले.

माझे म्हणणे असे की या कराराने स्पर्धा थांबवली नाही, मोजपट्टीच्या बाहेर नेऊन सोडली. क्रूझरच्या, म्हणजे मोठ्या युद्धनौकांहून लहान लढाऊ जहाजांच्या, संख्येवर कोणतेही बंधन आले नाही. एका क्रूझरने १०,००० टन आणि ८ इंची तोफ ही मर्यादा ओलांडू नये, एवढेच ठरले. परिणाम असा झाला की ज्यांना तोवर एवढ्या मोठ्या क्रूझरची गरज भासली नव्हती, तेही नेमक्या १०,००० टनांच्याच क्रूझर बांधू लागले.

अनुस्वार

धागाकर्त्यांशी असहमत आहे. 'वाट बदलली' हा शब्दप्रयोग ऐकायला छान वाटतो, पण त्यात प्रमाणाचे भान सुटते. १९२१ मध्ये जपानच्या राष्ट्रीय अर्थसंकल्पाचा जवळपास एक तृतीयांश भाग नौदल खात होते, आणि तिथल्या मंत्र्यांना हे फार काळ झेपणार नाही हे कळून चुकले होते. कराराने जे थांबले ते कागदावरचे नव्हते. अमेरिकेची 'वॉशिंग्टन' नावाची युद्धनौका तीन चतुर्थांश बांधून झाली होती. तिला नोव्हेंबर १९२४ मध्ये समुद्रात ओढून नेले, तिच्यावर बॉम्ब आणि टॉर्पेडो यांच्या चाचण्या घेतल्या, तरीही ती किंचित कललेल्या अवस्थेत तरंगतच राहिली, आणि शेवटी 'टेक्सास' या जहाजाने १४ इंची तोफांचा मारा केला तेव्हा कुठे ती तळाला गेली. ज्यांनी ती बांधली त्यांनाच ती बुडवताना घाम फुटला. त्या जहाजाच्या जागी चार क्रूझर आल्या असतील, तर माझ्या हिशेबात तो नफाच आहे.

शिवाय विमानवाहू नौका त्या काळी जवळजवळ बाल्यावस्थेत होत्या, तरी करारकर्त्यांनी त्यांच्यावरही मर्यादा घातली होती: अमेरिका व ब्रिटन यांना १,३५,००० टन आणि जपानला ८१,००० टन. मोजपट्टी इतकीही तोकडी नव्हती.

गलबत

विमानवाहू नौकांचा मुद्दा मान्य करतो. तो मी मूळ धाग्यात घ्यायला हवा होता. पण तिथेही १०,००० टनांखालची विमानवाहू नौका मोजायची नाही अशी फट राहिली होती, आणि जपानने 'र्‍युजो' ही नौका त्या फटीतूनच काढायचे ठरवले. तिचा आराखडा ८,००० टनांचा होता. १९३० च्या लंडन नौदल कराराने ती फट बुजवली, तेव्हा 'र्‍युजो'चे बांधकाम चालू झालेले होते.

याहून बोलके उदाहरण 'तोमोझुरु'चे आहे. लंडन करारात ६०० टनांखालच्या जहाजांवर संख्येचे बंधन नव्हते. मग जपानी आराखडाकारांनी ६०० टनांच्या आत बसणाऱ्या टॉर्पेडो नौका काढल्या आणि त्यांच्यावर विनाशिकेला शोभतील अशा तोफा व टॉर्पेडोनळ्या चढवल्या. नाकापेक्षा मोती जड झाला. मार्च १९३४ मध्ये सासेबोजवळच्या वादळात 'तोमोझुरु' उलटली आणि तिच्यावरचे बहुतेक सर्व खलाशी दगावले. त्यांना शत्रूने मारले नाही, वाटाघाटीच्या टेबलावर लिहिलेल्या एका आकड्याने मारले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होईल, पण फार अतिशयोक्त होणार नाही.

अनुस्वार

ते फारच अतिशयोक्त आहे. आकडा ६०० चा होता. एवढ्याशा सांगाड्यावर एवढ्या तोफा चढवा, असे करारात कुठेही लिहिले नव्हते.

तिसरी घंटा

आपण दोघेही करारातल्या आकड्यांवर बोलत आहात. ते आकडे कसे ठरले याकडेही पाहावे. जपानी नौदलाचा हट्ट अमेरिकेच्या ७० टक्के ताफ्याचा होता. प्रशांत महासागर ओलांडून येणाऱ्या आक्रमकाला निदान दीडपट बळ लागते, असा त्यांचा ठोकताळा होता. जपानकडे ७० असतील तर अमेरिकेचे बळ १.४३ पट भरते, म्हणजे जपान निभावून नेतो. ६० असतील तर ते १.६७ पट होते, म्हणजे जपान हरतो. त्यामुळे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटणाऱ्या त्या दहा टक्क्यांत त्यांच्या दृष्टीने जय आणि पराजय यांचे अंतर होते.

आता गंमत अशी की अमेरिकेच्या हर्बर्ट यार्डली यांचे सांकेतिक लिपी फोडणारे पथक न्यूयॉर्कमध्ये बसून तोक्योच्या तारा वाचत होते. २८ नोव्हेंबर १९२१ च्या तारेत, अगदीच नाइलाज झाला तर ६० टक्क्यांवर या, अशी मुभा होती. ह्यूज यांना ती कळली, आणि मग ते ६० वरून हलले नाहीत. समोरच्याचे पत्ते दिसत असताना खेळलेल्या डावाला वाटाघाट म्हणावे का, हा माझा प्रश्न आहे. १९३१ मध्ये यार्डली यांनी स्वतःच पुस्तक लिहून हे जगजाहीर केले, तेव्हा जपानमध्ये किती संताप उसळला असेल याची कल्पना करावी.

अनुस्वार

तारा फोडल्याने सौदा लवकर झाला, एवढेच मी मान्य करीन. जपानचे प्रमुख प्रतिनिधी नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो होते, आणि त्यांचा युक्तिवाद शिल्लक कागदपत्रांत स्पष्ट आहे: पैशाशिवाय युद्ध होत नाही, जपानला कर्ज देऊ शकेल असा देश अमेरिकाच आहे, तेव्हा अमेरिकेशी युद्ध ही कल्पनाच टाकून द्यावी. शिवाय ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. फिलिपीन्स आणि ग्वाम येथे अमेरिका, तर हाँगकाँगला ब्रिटन नवी तटबंदी करणार नाही, हे त्यांनी पदरात पाडून घेतले. जपानची 'मुत्सु' ही युद्धनौका अपूर्ण समजून मोडीत काढण्याचा अमेरिकेचा आग्रह होता, तीही त्यांनी वाचवली. त्याची भरपाई म्हणून अमेरिकेला दोन नौका पूर्ण करण्याची आणि ब्रिटनला दोन नव्या बांधण्याची परवानगी मिळाली, हे खरे. पण वाटाघाटीत असेच चालते.

सदाशिव पेठकर

थोडे अवांतर होईल, तरी सांगतो. या करारावर भारताच्या वतीनेही सही आहे, आणि ती व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची आहे. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे गोखल्यांनंतरचे अध्यक्ष ते हेच. ज्या देशाकडे स्वतःची एकही मोठी युद्धनौका नव्हती आणि परराष्ट्र धोरणही नव्हते, त्याचा प्रतिनिधी तिथे ब्रिटिश साम्राज्याच्या शिष्टमंडळात बसला होता. याला मान म्हणावे की शोभेची खुर्ची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रेघोटी

करार टनांचा होता, तरी जपानमध्ये लोकांना झोंबले ते प्रमाण. पाचाला तीन हे वर्तमानपत्राच्या मथळ्यात बसणारे, शाळकरी पोरालाही कळणारे गणित होते. कातो तोमोसाबुरो यांच्याच शिष्टमंडळातले कातो कांजी वॉशिंग्टनमध्येच या आकड्याविरुद्ध उभे राहिले, आणि जपानी नौदलात करार मानणारे करारवादी व मोठा ताफाच हवा म्हणणारे ताफावादी असे दोन तट पडले.

लंडनला १९३० मध्ये जपानच्या पदरात सहायक जहाजांचे (क्रूझर, विनाशिका, पाणबुड्या) एकूण प्रमाण ६९.७५ टक्के पडले. मागणी ७० ची होती. या पाव टक्क्यावरून पंतप्रधान हामागुची ओसाची यांच्यावर सम्राटाच्या सेनाधिकारावर अतिक्रमण केल्याचा आरोप झाला, १४ नोव्हेंबर १९३० रोजी तोक्यो स्थानकावर त्यांना गोळी घातली गेली, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये ते वारले. क्रूझर आणि टॉर्पेडो नौका यांच्यापेक्षा मला ही किंमत मोठी वाटते. सही करणारा माणूस घरी परतल्यावर टिकेल की नाही, याचा विचार पलीकडच्या बाजूने केलाच नाही. पाव टक्का देऊन टाकला असता तर अमेरिकेचे काय बिघडले असते?

गलबत

रेघोटी यांचा मुद्दा मला निरुत्तर करणारा आहे, पण पाव टक्का दिला असता तर त्याच लोकांनी दुसरे निमित्त शोधले असते, अशी शंका येते. डिसेंबर १९३४ मध्ये जपानने बाहेर पडण्याची नोटीस दिली ती समान वाटा हवा म्हणून, ७० टक्क्यांसाठी नव्हे. १९३६ अखेर करार संपला आणि पुढच्याच वर्षी जपानमधल्या कुरेच्या गोदीत 'यामातो' या प्रचंड युद्धनौकेचे बांधकाम सुरू झाले. नागासाकीत तिची जुळी बहीण 'मुसाशी' बांधताना गोदीभोवती दोरखंडांचे इतके प्रचंड पडदे सोडले होते की कोळ्यांना जाळ्यांसाठी दोर मिळेना.

अनुस्वार

त्या दोन्ही नौका करार संपल्यावर सुरू झाल्या, म्हणून त्यांना करारभंग म्हणता येत नाही. करारभंगाचे उदाहरण हवे तर 'मोगामी' क्रूझर घ्या. तिचा जाहीर टनभार ८,५०० होता आणि खरा त्याहून बराच जास्त होता. ते कोणाला कळले नाही, कारण कोणी जाऊन पाहणार नव्हते. वॉशिंग्टन करारात पडताळणीचे कलमच नव्हते; प्रत्येकाने स्वतःचा आकडा सांगायचा आणि इतरांनी तो मानायचा. माझ्या मते दोष मर्यादा घालण्यात नव्हता, तो इथे होता. १९८७ च्या आयएनएफ कराराने, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या कराराने, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांची मिळून २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली, ती परस्परांच्या निरीक्षकांसमोर.

गलबत

आणि त्याच आयएनएफ कराराने फक्त जमिनीवरून डागायची क्षेपणास्त्रे मोजली. समुद्रातून आणि विमानातून डागायची मोजलीच नाहीत. माझा मुद्दा तिथेही उभाच राहतो.

अनुस्वार

राहू द्या. पण त्या करारानुसार अमेरिकन निरीक्षक १९८८ पासून २००१ पर्यंत रशियातल्या व्होटकिन्स्कच्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाशी बसून होते, आणि तेवढ्याच काळ सोव्हिएत व नंतर रशियन निरीक्षक अमेरिकेतल्या युटा राज्यात. 'मोगामी' बांधली त्या गोदीच्या फाटकाशी असा एकही परका माणूस नव्हता, तेव्हा ती ८,५०० टनांची आहे हे सगळ्यांनी ऐकून घेतले आणि लिहून ठेवले.