मुलांच्या उत्तरांनुसार बदलणारे ॲप: त्याने ठरवलेली पातळी कितपत खरी मानावी?

प्रश्न (एक पालक)

माझी मुलगी चार वर्षांची आहे. अक्षरओळख आणि अंकओळख शिकवणारे एक ॲप ती टॅबवर रोज थोडा वेळ वापरते. पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, हे तिच्या उत्तरांवरून ॲप स्वतःच ठरवते. अडचण अशी आहे की ॲपने ठरवलेली पातळी आणि मला प्रत्यक्षात दिसणारी पातळी यांचा मेळ बसत नाही. 'ध' आणि 'घ' ती गोष्टीच्या पुस्तकात न चुकता ओळखते, तरी ॲप तिला पुन्हा पुन्हा त्याच दोन अक्षरांवर आणून ठेवते. याउलट अंकांच्या भागात ॲपने तिला बेरजेपर्यंत नेले आहे. मात्र समोर मण्यांचा ढीग ठेवून "यातले पाच दे" म्हटले, तर ती न मोजता मूठभर मणी उचलून देते. ॲप हे नेमके कशावरून ठरवते, आणि मी कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर (शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटातील सदस्य)

आपण नोंदवलेल्या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. अशा सॉफ्टवेअरला मूल दिसत नाही. त्याला फक्त पडद्यावर कुठे आणि किती वेळाने बोट टेकले एवढेच कळते, आणि त्यावरून ते 'हे कौशल्य मुलाला येत असण्याची शक्यता' पुन्हा पुन्हा मांडत राहते. आपले ॲप नेमकी कोणती पद्धत वापरते हे बाहेरून सांगता येणार नाही, परंतु या क्षेत्रात सर्वांत रुळलेली पद्धत अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९० च्या दशकात मांडली. तिच्यात मूल आधीपासून किती जाणते आणि सरावाने किती शिकते यांबरोबर आणखी दोन शक्यता धरलेल्या असतात: येत नसताना अंदाजाने बरोबर येणे आणि येत असूनही हातून चूक होणे.

एक उदाहरण घेऊ. एखादे अक्षर येत असण्याची शक्यता ५० टक्के धरली आहे, तीन चित्रांतून एक निवडायचे आहे, म्हणजे अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एक तृतीयांश, आणि येत असूनही चुकण्याची शक्यता १० टक्के मानली आहे. उत्तर बरोबर आले तर अनुमान ५० वरून सुमारे ७३ टक्क्यांवर चढते. चुकले तर थेट १३ टक्क्यांवर कोसळते. लहान बोट शेजारच्या चित्रावर घसरले, सूचना पूर्ण ऐकण्याआधीच स्पर्श झाला, तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते अज्ञानच ठरते. चुकण्याची शक्यता ३० टक्के धरली असती, तर तेच अनुमान ३१ टक्क्यांपर्यंतच उतरले असते. चार वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा मोठ्या मुलांपेक्षा जास्तच धरायला हवा, असे माझे ठाम मत आहे. 'ध' आणि 'घ' पडद्यावर शेजारी-शेजारी येत असतील, तर आपल्या मुलीचे बहुधा हेच होत असावे.

उत्तर (पूर्वप्राथमिक शिक्षिका)

वरील स्पष्टीकरण पटते, पण माझ्या मते अंकांचा भाग अक्षरांपेक्षा अधिक गंभीर आहे. आपण मणी मागून पाहिलेत, तीच चाचणी बालविकासाचे अभ्यासक अनेक वर्षांपासून वापरत आले आहेत. एक ते दहा घडाघडा म्हणणारे मूल 'पाच दे' म्हटल्यावर मूठ भरून देते, कारण मोजताना शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे त्या संपूर्ण समूहाची संख्या, ही समज त्याला अजून आलेली नसते. ही समज आल्याशिवाय बेरीज म्हणजे नुसते चिन्हांचे जुळवणे होते.

ॲपमध्ये मुलाला बहुतेक वेळा तयार पर्यायांतून निवड करायची असते. स्वतः समूह तयार करायचा नसतो. तीन ठिपके आणि दोन ठिपके यांच्याखाली ३, ५ आणि ९ असे पर्याय असले, तर 'ठिपके बरेच दिसतात, पण फार नाहीत' एवढ्यावरही ५ निवडता येते. म्हणून बेरजेचा भाग तूर्त बंद ठेवावा, आणि रोजच्या वस्तू मागताना 'दोन आण', 'चार आण' असे म्हणत राहावे. दोन सहज जमले की तीन मागावेत, तीन जमले की चार. एकदम दहावर उडी मारू नये.

उत्तर (बालशिक्षणाचा अभ्यासक)

आपण विचारलेला विश्वासाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. अवघडपणा ही एकच शिडी नसते. संख्यांची समज वाढवण्यासाठी ॲना विल्सन, स्तानिस्लास देहान आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'नंबर रेस' या सॉफ्टवेअरमध्ये दोन संख्यांमधले अंतर, उत्तरासाठी दिलेला वेळ आणि संकल्पनेची गुंतागुंत अशा तिन्ही बाजूंनी प्रश्न बदलतो, आणि मुलाची सुमारे ७५ टक्के उत्तरे बरोबर यावीत असे त्याचे लक्ष्य असते. म्हणजे चारांतील एखादे उत्तर चुकणे हे तिथे योजनेतच धरलेले आहे, आणि 'पुढची पातळी' म्हणजे कधी कधी फक्त कमी वेळ असू शकतो.

दुसरे असे, की २०१९ मध्ये निकाल लागलेल्या ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ स्पर्धेत टांझानियातील सुमारे १७० गावांतील मुलांनी टॅबवर स्वाहिलीतून वाचन, लेखन आणि अंकगणित शिकून पाहिले. त्यांची प्रगती ठरवताना टॅबमधील गुणांवर अवलंबून न राहता आधी आणि नंतर स्वतंत्र चाचण्या घेतल्या गेल्या. अशा सॉफ्टवेअरमधून मुले शिकू शकतात हे त्यातून दिसले, परंतु शिकली की नाही हे तपासायला सॉफ्टवेअरच्या बाहेरच जावे लागले. आपण मण्यांनी केलेली तपासणी त्याच जातीची आहे, म्हणून या बाबतीत आपले निरीक्षण ग्राह्य धरावे.

प्रश्नकर्त्या पालक

सर्वांचे मनापासून आभार. बेरजेचा भाग बंद करण्याची सोय ॲपमध्ये आहे, तो आजच बंद करते. अक्षरांच्या बाबतीत मात्र एक शंका उरते: ती चुकताना मी शेजारी बसून बरोबर चित्र दाखवले, तर चालेल का?

उत्तर (शैक्षणिक सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटातील सदस्य)

शेजारी अवश्य बसावे, पण उत्तर दाखवू नये, कारण ते उत्तर तिच्या नावावर जमा होते आणि पुढचे प्रश्न तिच्या आवाक्याबाहेर जातात. त्याऐवजी सूचना संपेपर्यंत तिचा हात टॅबपासून दूर ठेवायला सांगावे, आणि टॅब मांडीवर न धरता टेबलावर सपाट ठेवावा. एवढे करूनही ॲप तिथेच अडकून राहिले, तर पालकांसाठीच्या विभागातून तो घटक पूर्ण झाल्याची नोंद करता येते का ते पाहावे.